खुराक कोणाचा?

आपल्याकडे खेळाडूचं चरित्र लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. बालपण, पहिली कुस्ती किंवा पहिला सामना, घरची ओढगस्त, वेळेला धावून आलेला एखादा देवमाणूस, मग पदक आणि मग मिरवणूक. मिरवणूक संपली की लेखकाचा हात आखडतो. उरलेलं आयुष्य एका ओळीत उरकलं जातं: पुढे ते पोलीस खात्यात रुजू झाले, किंवा निवृत्तीपर्यंत त्यांनी अध्यापन केलं. पदकाआधीच्या चार-सहा वर्षांना शंभर पानं आणि नंतरच्या तीस वर्षांना एक ओळ. हे पुस्तक त्या एका ओळीबद्दल आहे, म्हणूनच प्रस्तावनेला मी लगेच होकार दिला.

पुस्तकाचे चार विभाग आहेत: मैदान, वर्दी, फळा आणि संगणक. यातली बरीचशी माणसं या चारांपैकी दोन-तीन घरांत नांदून आलेली आहेत. संपादकांनी आपल्या मनोगतात त्यांना ‘बहुआयामी’ म्हणून गौरवलं आहे. तिथे माझा मतभेद आहे आणि तो सुरुवातीलाच नोंदवतो. प्रस्तावना म्हणजे नुसती पाठ थोपटणं नव्हे. मैदानावरून ठाण्यात, ठाण्यातून वर्गात, वर्गातून कंपनीत असा प्रवास हौसेनं करणारे थोडे. बहुतेकांना तो करावा लागला. का करावा लागला, हे तालमीतलं दहा वर्षांचं पोरगंही सांगेल.

पोराला तालमीत घालायचं ठरलं की घरात पहिली चर्चा डावपेचांची होत नाही, खुराकाची होते. दूध किती, बदाम किती, तूप कुठून, मटण आठवड्यातून किती वेळा. वस्ताद शिकवण्याचे पैसे मागत नाहीत, हौद्यातली माती सगळ्यांची असते, लंगोट एकदा शिवला की टिकतो. पण हजार जोर आणि हजार बैठका मारणाऱ्या शरीराला रोज जे घालावं लागतं त्याचा हिशेब शेतकऱ्याच्या घरात बसत नाही. पैलवान पोसणं म्हणजे दाराशी हत्ती बांधणं. तेव्हा कोणत्याही खेळाडूच्या आयुष्याकडे बघताना मी एकच गोष्ट आधी तपासतो: त्याचा खुराक त्या त्या वेळी कोण देत होतं? त्याची कारकीर्द कुठे वळली आणि कधी वळली, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

कोल्हापुरात या प्रश्नाला एकेकाळी सोपं उत्तर होतं. दरबार. शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला दिलेला आश्रय हा काही केवळ राजाचा शौक नव्हता, ती व्यवस्था होती. पेठापेठांतल्या तालमी, बाहेरून येऊन राहणारे मल्ल, त्यांच्या खर्चाची सोय, आणि १९१२ साली उभं राहिलेलं खासबाग मैदान. खासबागेत बसून ज्यानं कुस्ती पाहिली आहे त्याला हे मैदान बांधणाऱ्याची नजर कळते. मधला हौदा खाली, प्रेक्षक चढत गेलेल्या उतारावर; कुणाच्याही डोक्याआड काही येत नाही. राजाला कुस्ती आवडते म्हणून मैदान झालं हे खरं, पण हजारो माणसांना ती नीट दिसली पाहिजे हा विचार आवडीच्या पलीकडचा आहे.

या व्यवस्थेच्या अगदी टोकाला, ती मोडण्याच्या क्षणी, खाशाबा जाधव येतात. पुस्तकातला सगळ्यात मोठा लेख त्यांच्यावर आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. हे दोन तपशील आपण पटकन वाचून पुढे जातो, पण शाळा-कॉलेजात शिकलेला पैलवान हीच त्या काळी वेगळी गोष्ट होती. शिकलेला होता म्हणून पुढे फौजदार होऊ शकला. पदकानं नव्हे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे त्यांनी पहिल्यांदा मॅटवर अशी मोठी स्पर्धा खेळली आणि फ्लायवेट गटात सहावे आले. लाल मातीवर वाढलेल्या माणसाला मॅट म्हणजे काय, हे आज सांगूनही कळणार नाही. हौद्यातली माती ही नुसती माती नसते. चाळून घेतलेल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडतं, ती दिवसेंदिवस मळली जाते, मऊ होते. पडलं तर ती सांभाळून घेते, घामाला चिकटून पकड देते. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. वेळ संपतो तो अंधार पडला म्हणून किंवा पंचांनी बरोबरीत सोडवली म्हणून. मॅटवर घड्याळ असतं, गुण असतात, आणि पाठ न टेकताही माणूस हरतो. ढाक लावण्यात खाशाबांचा हातखंडा होता. तोच डाव, पण पाय रोवायला माती नाही. हे सगळं लंडनमध्ये, परक्या लोकांत, काही आठवड्यांत शिकून सहावा येणं ही माझ्या लेखी हेलसिंकीच्या पदकाइतकीच मोठी गोष्ट आहे.

आता तारखा लक्षपूर्वक पाहा. लंडन ऑलिम्पिक १९४८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. हेलसिंकी १९५२ मध्ये. म्हणजे खाशाबांच्या दोन ऑलिम्पिकच्या मधोमध त्यांचा आश्रयदाताच नाहीसा झाला. संस्थान गेलं याचं दुःख करण्याचं कारण नाही, लोकशाही आली. पण जुनं गेलं आणि नवं अजून बसलं नव्हतं, अशा फटीत हा माणूस सापडला. निवड होतानाच त्यांना डावललं गेलं होतं. दाद मागावी लागली, पुन्हा लढून दाखवावं लागलं. निवड झाल्यावर जायचे पैसे नव्हते. सरकारकडून मदत झाली ती अपुरी. गावानं वर्गणी काढली, दुकानदारांनी दिलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हा प्रसंग आपण कौतुकानं सांगतो, शाळेच्या कार्यक्रमांतही सांगतो. सांगावाच. पण मला तो वाचताना राग येतो. १९४८ साली जे काम एका दरबारानं केलं ते १९५२ साली एका मास्तरांच्या घरावर येऊन पडलं. खर्डेकरांचा मोठेपणा वादातीतच. मात्र प्राचार्यांनी घर गहाण टाकावं अशी वेळ येते, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आपलं काम केलेलं नसतं.

२३ जुलै १९५२. बँटमवेट, ५७ किलो, फ्रीस्टाइल. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ लढत झाली, ती गेली. त्यानंतर पुरती विश्रांतीही न मिळता सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवसमोर उभं राहावं लागलं. नियमानं मिळायला हवी होती ती मधली वेळ मागायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असं खाशाबांच्या चरित्रांत येतं. तीही लढत गेली. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं.

कराडच्या स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सातारा जिल्ह्यात अजून पाठ आहे. त्यामानानं पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. खाशाबा कोल्हापुरात कुस्ती लढले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचं देणं फेडलं. ऑलिम्पिक पदक घेऊन आलेला माणूस परत येऊन पहिलं काम काय करतो? कर्ज फेडतो. तेही लढून.

इथे बहुतेक चरित्रं संपतात. या पुस्तकातला लेख इथून खऱ्या अर्थानं सुरू होतो. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. पदक आणि नोकरी यांच्यात तीन वर्षं गेली. खात्यात ते पोलीस स्पर्धांतून लढले, खेळाचे शिक्षक म्हणून राबले. पुढच्या ऑलिम्पिकची तयारी गुडघ्याच्या दुखापतीनं मोडली. सत्तावीस वर्षं वर्दीत काढून ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, निवृत्तिवेतनासाठी झगडले, आणि १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आज १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिन आहे, आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे. हयातीत जे मिळालं नाही ते नंतर देण्यात आपल्याइतके तत्पर लोक नसतील.

त्या सत्तावीस वर्षांतला खाशाबा मला पदकवाल्या खाशाबापेक्षा जवळचा वाटतो. पदक मिळवणारा माणूस एका आठवड्यात घडत नाही हे खरं असलं तरी तो आठवडा त्याला उचलून धरतो. सत्तावीस वर्षं हजेरीला उभं राहणाऱ्याला कोण उचलतं? ज्याच्यापुढे हजारो माणसांनी शिट्ट्या मारल्या, त्यानं वरिष्ठांना सॅल्यूट ठोकायचा, बदलीचा आदेश आला की बिस्तरा बांधायचा, आणि नव्या पोरांना जोर-बैठका शिकवायच्या. हे करून दाखवणं सोपं नाही. लेखकानं या भागात कुठेही रडका सूर लावलेला नाही, त्याबद्दल त्याचे आभार.

योगायोग म्हणावा तर हेलसिंकीत भारताला दोनच पदकं मिळाली, आणि दोन्हींशी वर्दीचं नातं आहे: एकीच्या नंतर, दुसरीच्या आधी. खाशाबांनंतर दुसऱ्याच दिवशी हॉकीच्या अंतिम सामन्यात भारतानं नेदरलँड्सला ६-१ असं हरवलं. सहापैकी पाच गोल बलबीर सिंग यांचे. उद्घाटनाला भारताचा ध्वज घेऊन चालले होते तेही बलबीरच. आणि बलबीर पंजाब पोलिसांत होते. ते पोलिसांत कसे आले याची हकिगत खुद्द त्यांनी सांगून ठेवली आहे. ब्रिटिश अमदानीत पोलिसांनी स्वातंत्र्यसैनिकांवर काय केलं हे पाहिलेल्या या तरुणाला त्या खात्यात जायचंच नव्हतं. त्यांचा खेळ पाहून पंजाबच्या पोलीस प्रमुखाला मात्र ते आपल्या संघात हवेच होते. बलबीर दिल्लीला निघून गेले, तर त्यांना बेड्या घालून जालंधरला परत आणलं गेलं. शेवटी हॉकी खेळू द्यायची या बोलीवर ते रुजू झाले.

बेड्या घालून आणलेला सेंटर फॉरवर्ड! ही गोष्ट मी जिथे जिथे सांगितली तिथे लोक हसले. हसण्यासारखी आहेच. पण तिच्यात खेळाडू आणि खातं यांचं नातं जेवढं उघडं पडतं तेवढं एखाद्या शासन निर्णयात पडत नाही. खात्याला खेळाडू हवा असतो तो आपल्या संघासाठी, ढालीसाठी, आंतरखातं स्पर्धेतल्या मानासाठी. खेळाडूला खातं हवं असतं ते महिन्याच्या एक तारखेसाठी. या व्यवहारात दोघांचंही भागतं, पण कोण कुणाच्या अटींवर हे दर वेळी नव्यानं ठरतं. बलबीरांना आपली अट घालता आली, कारण ते बलबीर होते. पुढे ते पंजाबचे क्रीडा संचालक झाले, १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे व्यवस्थापक होते.

अट घालता न येणाऱ्यांचं काय होतं, हे दुसऱ्या विभागातल्या एका मुलाखतीत वाचायला मिळतं. नाव दिलेलं नाही, द्यायला नकोच होतं. कबड्डी खेळून खेळाडूंच्या राखीव जागेतून शिपाई झालेला, आता हवालदार असलेला हा गृहस्थ. मुख्यालयाच्या मैदानावर पहाटे चुन्याच्या रेघा मारून सराव, आठला हजेरी, मग नेमणूक असेल तिथे. ‘तुझं बरंय, तुला खेळायचा पगार’ हे ऐकणं रोजचं. गणपतीचे दहा दिवस कुणालाच रजा नसते, खेळाडूलाही नसते. स्पर्धा विसर्जनानंतर चार दिवसांवर असली तरी अनंत चतुर्दशीला रात्रभर मिरवणुकीत उभं राहायचं, दोरखंड धरून गर्दी मागे सारायची, पहाटे वडापाव खायचा आणि सुजलेल्या पायांनी सरावाला जायचं. तो सांगतो, गर्दीत मी तोंडांकडे बघत नाही, पायांकडे बघतो. कुणाचा पाय कुठे वळला त्यावरून पुढचा धक्का कुठून येणार हे कळतं. हे त्याला पोलीस प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. चढाईला येणाऱ्याचे पाय वाचायला तो चौदाव्या वर्षी शिकला. एका कामातलं कौशल्य दुसऱ्या कामात कसं उतरतं यावर या पुस्तकात बरंच लिहिलं आहे. त्यातलं निम्मं मला ओढूनताणून आणलेलं वाटलं. हे मात्र खरं वाटलं, कारण यात कुणी कुणाला मोठं करत नाही.

आता या राखीव जागेकडे पूर्वीइतकं कुणी नाक मुरडत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि मोठं यश मिळवलेल्यांना थेट अधिकारीपदं मिळाली आहेत. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाला, राष्ट्रकुल सुवर्णपदक विजेता राहुल आवारे झाला. हरियाणात २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकणारा जोगिंदर शर्मा झाला. ऑलिम्पिक पदकवीर फौजदार म्हणून लागला होता तिथून आपण इथवर आलो. बरं झालं. मात्र तरतूद आली की तिच्या पाठोपाठ बनावट प्रमाणपत्रंही येतात, आणि त्यांची किंमत खऱ्या खेळाडूला पडताळणीच्या चकरा मारून चुकवावी लागते. पुस्तकातला या विषयावरचा लेख त्रोटक आहे. तो वाढवायला हवा होता.

फळ्याचा विभाग वाचताना मूड एकदम पालटतो. प्राध्यापक दि. ब. देवधर! पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचं आणि मैदानावर गोलंदाजांना घाम फोडायचा. १९२६ मध्ये आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा. भारताला कसोटीचा दर्जा मिळवून देण्यात त्या मालिकेचा वाटा होता, पण दर्जा मिळेपर्यंत देवधरांची चाळिशी आली आणि कसोटी त्यांच्या हातून निसटली. त्याची कसर त्यांनी रणजीत काढली. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असं लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवलं. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठेचाळीस. आमच्याकडे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्राध्यापक मंडळी गुडघ्याचा पट्टा शोधत असतात. देवधर १८९२ ला जन्मले आणि १९९३ ला, वयाची शंभरी ओलांडून गेले. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींनी बॅडमिंटन गाजवलं.

देवधरांचा खुराक कॉलेजनं दिला, आणि दिला तो न मिरवता. शिक्षकाच्या नोकरीत एक गोष्ट अशी आहे जी पोलिसाला स्वप्नातही मिळत नाही: ठरलेलं वेळापत्रक. तास संपला की मैदान, सुट्टी लागली की सामने. अनंत चतुर्दशीला कुणी प्राध्यापकाला दोरखंड धरायला बोलावत नाही. म्हणून पन्नाशीपर्यंत आणि त्यापुढेही खेळता येतं. आपल्या खेळांचा इतिहास शाळा-कॉलेजच्या पगारपत्रकांवर किती उभा आहे, याचा कुणीतरी नीट अभ्यास करावा. मुंबईच्या क्रिकेटबद्दल असं लिहिलं गेलं आहे. कचेऱ्या, बँका, गिरण्या, टाइम्स शील्ड आणि त्यातून सांभाळले गेलेले फलंदाज हे सगळ्यांना ठाऊक आहे. पीटीच्या मास्तरांचं मात्र कुणी लिहिलं नाही. तालमीतही शिकवणारा असतोच. १९६० चे हिंद केसरी गणपतराव आंदळकर पुढे कोल्हापूरच्या मोतीबागेत वस्ताद म्हणून राहिले आणि त्यांच्या हाताखाली किती पठ्ठे तयार झाले ते कोल्हापूरकरांना विचारावं.

टेनिस, व्याख्यातेपद, पोलीस सेवा आणि संशोधन असं सगळं एकाच आयुष्यात हवं असेल तर किरण बेदी यांचं उदाहरण समोर आहे: अमृतसरच्या महिला महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणं, १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेत प्रवेश, त्याच वर्षी टेनिसमधलं आशियाई विजेतेपद, १९९३ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी., तिहार तुरुंगाची जबाबदारी आणि १९९४ चा मॅगसेसे पुरस्कार. त्यांच्यावर एवढं लिहिलं गेलं आहे की संपादकांनी चार पानांत आवरलं हे योग्यच केलं. पण या विभागात, किंबहुना सगळ्या पुस्तकातच, स्त्रियांच्या वाट्याला आलेली पानं कमी आहेत. पैलवानाच्या खुराकाचं दूध तापवणारी, बदाम वाटणारी, नवऱ्याच्या बदलीबरोबर संसार हलवणारी बाई तर जवळजवळ नाहीच. हा दोष आहे, आणि मी तो संपादकांना आधीच लिहून कळवला आहे.

शेवटचा विभाग संगणकाचा. इथे सौरभ नेत्रवळकर आहे. मुंबईचा डावखुरा मध्यमगती गोलंदाज, २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, मुंबईसाठी रणजी खेळलेला. जोडीला संगणक अभियंता. मुंबईच्या संघात जागा टिकणं म्हणजे काय असतं हे त्याला कळत होतं. त्यानं क्रिकेटच्या आकडेवारीचं एक ॲप बनवलं, २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला गेला, मग ओरॅकल कंपनीत लागला. खेळ संपला असं समजून गेलेला हा मुलगा तिथे अमेरिकेच्या संघाचा कर्णधार झाला. ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या सुपर ओव्हरमध्ये चेंडू त्याच्या हातात होता. अमेरिकेच्या १८ धावा, पाकिस्तान १३ वर थांबलं. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यानं विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं, मग रोहित शर्मालाही. दौऱ्यावर तो लॅपटॉप बरोबर ठेवतो आणि हॉटेलातून कंपनीचं काम करतो, असं त्याच्या बहिणीनं तेव्हा सांगितलं होतं. सगळ्या वर्तमानपत्रांनी ते चवीनं छापलं.

छापणाऱ्यांना त्यात नवल वाटलं. मला त्यात खासबाग दिसली. दरबार, खातं, कॉलेज आणि आता सॉफ्टवेअर कंपनी; रजा कोण मंजूर करतो एवढाच फरक. देवधरांना वेळापत्रकानं जे दिलं ते सौरभला घरून काम करण्याच्या सोयीनं दिलं. उलट तंत्रज्ञानानं खेळाडूवरचा एक जुना ताणही वाढवला: पूर्वी मैदानावर गेलेला माणूस कचेरीला सापडत नसे, आता सापडतो.

आणि हे सगळं फार दूरचं वाटू लागलं असेल तर स्वप्नील कुसाळे आठवावा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२४ मध्ये पॅरिसला त्यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्रातल्या खेळाडूला मिळालेलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि पुन्हा कोल्हापूरच्या मातीतलं. रेल्वेतली बढती पदकानंतर आली.

पुस्तकातला अखेरचा लेख एका पोलीस भरती अकादमीवर आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पहाटे पाचला कोणत्याही रिकाम्या मैदानावर जा, तिथे मुलं सोळाशे मीटर आणि मुली आठशे मीटर धावताना दिसतील. शंभर मीटर, गोळाफेक, मग लेखी परीक्षेची पुस्तकं. यांना धावायचं आहे ते गुणांसाठी. पदक त्यांच्या हिशेबात नाही. त्यांना शिकवणारा मास्तर स्वतः जुना धावपटू, काही वर्षं पोलिसांत काढून बाहेर पडलेला. सकाळी शिट्टी, दुपारी गणित आणि सामान्य ज्ञानाचे तास, संध्याकाळी मुलांच्या धावण्याचे व्हिडिओ मोबाइलवर हळू करून पाहणं: टाच आधी टेकते की चवडा, खांदा कुठे झुकतो. भरतीत आता धावणाऱ्याच्या वेळेची नोंद चिपवर होते, शिट्टीवाल्या हवालदाराच्या घड्याळावर नाही. म्हणून यानंही आपल्या मैदानावर सेकंदांचा हिशेब तसाच काटेकोर ठेवला आहे. चारही विभाग या एका माणसात आहेत, आणि त्याला कुणी बहुआयामी म्हटलेलं नाही. लेखकानं त्याला विचारलं, मुलाला खेळात घालणार का? त्याचं उत्तर असं की आधी डिग्री होऊ दे, मग बघू.

पाच पानांच्या या लेखात एकही प्रसिद्ध नाव नाही. वाचकांनी सुरुवात इथून करावी, मग खाशाबांकडे यावं. पुस्तकाचा क्रमच असा उलटा लावा, असं मी संपादकांना सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.